घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार आणि पुन्हापुन्हा येणारा हम

घरी पहिली इलेक्ट्रिक गिटार बांधणाऱ्यांची एक तक्रार इतक्या वेळा कानावर येते की तिचा एकदा सविस्तर विचार व्हायला हवा. वखारीतून पारखून आणलेल्या सागवानाचे अंग तयार झाले, मान बसली, पॉलिश सुकले, तारा चढल्या आणि सूरही लागले. मात्र केबल जोडून अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) सुरू केला की 'घूं' असा अखंड आवाज येऊ लागतो. तारांवर हात ठेवला की तो दबतो, हात उचलला की पुन्हा वर येतो. वादक यालाच हम म्हणतात. मग मागचे झाकण उघडून दिसेल तो जोड पुन्हा सोल्डर केला जातो, आवाज थांबतो, समाधान होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच हम परत हजर होतो.

तो परत येतो याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: दुरुस्ती झालेली असते, निदान झालेले नसते. सगळे जोड सरसकट तापवल्यावर सदोष जोडही तात्पुरता जुळतो, पण तो नेमका कोणता होता हे कळत नाही आणि ज्या कारणाने तो सुटला ते कारण जागच्या जागी राहते. म्हणून सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी हम कोणत्या वाटेने येतो आहे हे ठरवावे. वाटा मुख्यतः तीन आहेत: गिटारच्या पोटातले उघडे वायरिंग, पिकअपचे (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचे) वेटोळे आणि भिंतीतली वीजजोडणी. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही.

आधी भिंत, मग गिटार

सुरुवात भिंतीपासून करण्याचा आग्रह मी धरतो, कारण इथे प्रश्न केवळ आवाजाचा नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून (अंगावरचा, तारा टेकतात तो धातूचा भाग), ग्राउंडच्या म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वायरीतून आणि केबलच्या जाळीतून थेट अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात आणि हा सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगशी जोडलेला असावा अशी अपेक्षा असते. जुन्या चाळींत, वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्याच्यामागे वायर असेलच असे नाही. अर्थिंग नसेल तर अॅम्पमध्ये बिघाड झाल्यावर 230 व्होल्टचा दाब वादकाच्या बोटांपर्यंत येऊ शकतो. 1972 साली वेल्समधील स्वॉन्झी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर सदोष अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. हा धोका खरा आहे आणि तो ऐकू येणाऱ्या हमच्या प्रमाणात वाढत किंवा कमी होत नाही.

तारांना स्पर्श करताना बोटांना किंवा मायक्रोफोनजवळ ओठांना मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर तिथेच थांबावे आणि वायरमनकडून सॉकेट तपासून घ्यावे. व्यवस्थित सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात जेवढा दाब मिळतो, जवळजवळ तेवढाच फेज आणि अर्थ यांच्यातही मिळतो, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तो अगदी थोडा, एक-दोन व्होल्टच्या आसपास असतो. ही मोजणी चालू विजेवर करावी लागते, त्यामुळे सवय नसलेल्याने ती स्वतः करू नये. वायरमन आलाच आहे तर मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का हेही पाहून घ्यावे. हम जातो म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो सल्ला कोणत्याही परिस्थितीत ऐकू नये. त्यातून आवाज कमी झाला तरी संरक्षण गेलेले असते.

लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारे उपकरण) लावून वाजवणाऱ्यांची अडचण थोडी निराळी असते. लॅपटॉपच्या चार्जरला अर्थिंग मिळत नसेल तर चार्जरमधून झिरपणारा अल्पसा प्रवाह संपूर्ण जोडणीला तरंगत ठेवतो आणि कर्कश बझ ऐकू येतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आवाज तत्काळ बंद झाला तर गिटार निर्दोष आहे असे समजावे आणि झाकण उघडू नये. लोडशेडिंगच्या वेळी घरच्या इन्व्हर्टरवर अॅम्प चालवल्यास, आणि इन्व्हर्टर चौकोनी तरंग देणारा असल्यास, असाच बझ येतो. त्यावर गिटारमध्ये करण्यासारखे काही नसते.

झाकण न उघडता करायच्या चाचण्या

अॅम्प सुरू ठेवून केबल अॅम्पच्या बाजूने काढावी. तरीही हम राहिला तर तो अॅम्पचा आहे. ही चाचणी करताना केबल अॅम्पला लावलेली ठेवून तिचे गिटारकडचे टोक मोकळे सोडू नये, कारण मोकळे टोक स्वतःच हम पकडते आणि दिशाभूल होते. नंतर गिटार जोडून तिचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणावा. या स्थितीत गिटारची सिग्नल वायर ग्राउंडला जोडली जाते, त्यामुळे पिकअप आणि स्विच यांच्याकडून येणारे सर्व काही थांबायला हवे. शून्यावरही हम तसाच राहिला तर दोष व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंटीखालच्या भागाच्या) पुढे, म्हणजे जॅक (केबल लावायचे गिटारवरचे छिद्र), जॅकच्या वायरी किंवा केबल यांत आहे. माझ्या पाहण्यात ज्या गिटारचा हम परतपरत येतो त्यांतल्या बऱ्याच गिटारींचा निकाल इथेच लागतो आणि पिकअपकडे जाण्याची वेळच येत नाही.

आता व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि तारांना हात लावावा. हम स्पष्टपणे कमी झाला तर ब्रिजचे ग्राउंड शाबूत आहे, एवढे नक्की झाले. आपले शरीर खोलीतल्या वायरिंगचे विद्युत क्षेत्र सतत पकडत असते आणि गिटारच्या उघड्या वायरीपर्यंत पोहोचवत असते. तारांना हात लागताच शरीरच ग्राउंडला जोडले जाते आणि हा पुरवठा बंद होतो. म्हणजे दोष शिल्डिंगच्या, वायरिंगभोवतीच्या वीजवाहक आवरणाच्या, अभावाचा आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूच्या पट्टीला किंवा केबलच्या प्लगला हात लावल्यावर आवाज दबतो, असे असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर तुटलेली किंवा सुटलेली आहे. तारांना हात लावल्यावर हम उलट वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्याची शंका सर्वप्रथम घ्यावी.

शेवटी गिटार गळ्यात असताना जागेवरच सावकाश गोल फिरावे. एका दिशेला हम जोरात आणि काटकोनातल्या दिशेला जवळजवळ नाहीसा होत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या किंवा पंख्याच्या मोटारीच्या चुंबकीय क्षेत्रातून पिकअपच्या वेटोळ्यात शिरतो आहे. तांब्याची टेप कितीही चिकटवली तरी तो थांबणार नाही.

कानाने ओळखण्याची एक खूण इथे उपयोगी पडते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असते आणि हममध्ये 50 व 100 हर्ट्झचे सूर प्रबळ असतात. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर 'जी' (G) हा सूर वाजतो, त्याची कंपनसंख्या 98 हर्ट्झ असते. येणारा आवाज या जीच्या किंचित वर किंवा त्याच्या एक सप्तक खाली लागत असेल आणि गोल, भरीव असेल तर तो चुंबकीय असण्याची शक्यता अधिक. त्यात तीक्ष्ण खरखर मिसळलेली असेल तर खोलीतला गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवा किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट यांच्यावर संशय घ्यावा. एकेक बटण बंद करत गेले की दोषी सापडतो.

ब्रिजची वायर

झाकण उघडल्यावर मल्टिमीटर हा खरा सोबती. तो महाग असण्याची गरज नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारा साधा मीटर पुरतो. अॅम्प पूर्णपणे अलग करावा, गिटारमध्ये केबल लावावी आणि तिच्या मोकळ्या टोकावर मोजावे. प्लगचा दांडा आणि तार यांच्यात एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी रोध दिसायला हवा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना प्लगचे टोक आणि तार यांच्यात शून्य दिसले तर जॅकवरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून हे मोजू नये, कारण तेव्हा टोक आणि दांडा मुळातच एकमेकांना जोडलेले असतात.

ब्रिजच्या वायरीचा जोड हा घरगुती बांधणीतला सर्वांत दुर्लक्षित जोड आहे. टेलिकास्टरच्या धर्तीच्या गिटारमध्ये वायरीचे सोललेले टोक पसरून ब्रिजच्या पत्र्याखाली दाबले जाते. सोल्डर तिथे नसतेच, जोड केवळ दाबावर टिकतो. सागवान मुरलेले असले तरी पावसाळ्यात लाकूड थोडे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, स्क्रूची पकड बदलते, वायरीतल्या तांब्याच्या उघड्या केसांवर (बारीक धाग्यांवर) काळपट थर चढतो आणि एके दिवशी संपर्क तुटतो. पत्र्याचे स्क्रू पुन्हा आवळल्यावर हम जातो आणि पुढच्या ऋतूत परत येतो. कायमचा उपाय करायचा तर पत्र्याखाली वायरीच्या जागी तांब्याच्या टेपची रुंद पट्टी चिकटवून तिच्यावर वायर सोल्डर करावी आणि पत्र्याची खालची बाजू तेवढ्या भागात पॉलिशपेपरने उजळ करावी.

स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या गिटारमध्ये ही वायर मागच्या कप्प्यातल्या, स्प्रिंगा अडकवायच्या धातूच्या पट्टीवर सोल्डर केलेली असते. ही पट्टी जाड असते, उष्णता ओढून घेते आणि 25 वॅटच्या आयर्नने तिच्यावर सोल्डर फक्त बसल्यासारखे दिसते. कानशीने पट्टीची जागा खरवडून 60 वॅटच्या आसपासच्या, रुंद टोकाच्या आयर्नने हा जोड करावा. दोन खांबांवर बसणाऱ्या ब्रिजमध्ये वायर खांबाच्या भोकात सोडून वरून पितळी बुश ठोकलेला असतो. ठोकताना वायर आतल्या आत कापली गेली तर बाहेरून काहीच दिसत नाही. मीटर मात्र लगेच सांगतो. ब्रिज काळ्या रंगाचा असेल तर त्यावरचा थर अनेकदा वीज वाहू देत नाही हेही ध्यानात ठेवावे.

ड्राय सोल्डर

पॉटच्या पाठीवर अनेक ग्राउंड वायरी एकत्र येतात आणि ड्राय सोल्डरचे, म्हणजे वरून पक्क्या दिसणाऱ्या पण आत न जुळलेल्या जोडाचे, माहेरघर तेच आहे. पॉटचे कवच मोठे असते, त्यावर गंजरोधक थर असतो आणि नवशिक्या हातात बहुधा रेडिओ दुरुस्तीचे बारीक टोकाचे आयर्न असते. परिणामी वितळलेले सोल्डर कवचावर पसरत नाही, मण्यासारखे गोळा होऊन बसते आणि खाली रेझिनचा पातळ थर अडकून राहतो. वायर ओढून पाहिली तर ती घट्ट वाटते, मीटरही त्या क्षणी ठीक दाखवतो. पण दोन आठवडे गिटार उचलली-ठेवली की तो मणी सूक्ष्मपणे हलू लागतो. चांगला जोड कडेला पातळ होत जातो आणि शिसेयुक्त सोल्डर असेल तर चकचकीत दिसतो.

कवच पॉलिशपेपरने घासावे, आधी कवचावर सोल्डरचा पातळ थर घ्यावा, वायरीच्या टोकावर वेगळा थर घ्यावा आणि मग दोन्ही एकत्र तापवावेत. काम चार-पाच सेकंदांत संपले पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर आयर्न अपुरे आहे, आणि तसेच तापवत राहिल्यास पॉटमधला कार्बनचा पट्टा खराब होतो. जोड थंड होईपर्यंत वायर हलू देऊ नये. प्रत्येक जोड झाल्यावर मीटरचे एक टोक जॅकच्या ग्राउंडवर ठेवून दुसऱ्या टोकाने तो तपासावा आणि तपासताना लाकडी काडीने वायर हळूच ढकलावी. आकडा हलला तर जोड पुन्हा करावा.

शिल्डिंग

हात लावल्यावर हम जात असेल आणि वरचे सर्व जोड पक्के असतील, तर कप्प्यांना आतून तांब्याची टेप किंवा कार्बनयुक्त वाहक रंग लावावा लागतो. इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली म्हणजे टेपच्या तुकड्यांमधला संपर्क. बाजारातल्या अनेक टेपचा गोंद वीज वाहू देत नाही, त्यामुळे तुकड्यावर तुकडा चिकटवला तरी विजेच्या दृष्टीने ते सुटेच राहतात. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एकेक ठिपका द्यावा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरने खात्री करावी. समुद्राजवळच्या दमट हवेत, कोकणात किंवा मुंबईत, केवळ गोंदावर भरवसा ठेवलेले शिल्डिंग काही काळाने निकामी होते याचे कारण हेच. दुसरी गोष्ट म्हणजे हे आवरण ग्राउंडला जोडलेले असणे. न जोडलेली टेप दिसायला सुंदर असली तरी तिचा उपयोग शून्य.

शिल्डिंगनंतर उद्भवणारी एक अडचण लोकांना फार घाबरवते. झाकण उघडे असताना गिटार व्यवस्थित वाजते, स्क्रू आवळले की आवाजच बंद होतो. झाकण बसताना स्विचचा एखादा पाय किंवा सिग्नलची उघडी वायर कप्प्याच्या तांब्याला टेकलेली असते. स्ट्रॅटच्या जॅकच्या कप्प्यात तर प्लग आत शिरताना जॅकची स्प्रिंग बाहेर झुकते आणि नेमकी भिंतीला लागते. त्यामुळे केबल न लावता केलेल्या तपासणीत हा दोष सापडत नाही. त्या जागी इन्सुलेशन टेपचा तुकडा लावला की काम झाले.

पिकअपच्या वायरी

हमबकर (दोन वेटोळ्यांचा, हम घालवणारा पिकअप) बसवूनही हम येत असेल तर रंगांचा घोळ तपासावा. चार वायरींच्या हमबकरमध्ये रंगांचा अर्थ प्रत्येक निर्मात्याचा वेगळा असतो. सीमूर डंकनच्या नेहमीच्या जोडणीत काळी वायर सिग्नलची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून बंद करायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. एकाचा नकाशा दुसऱ्याला वापरला, तर एक वेटोळे वगळले जाऊ शकते किंवा दोन वेटोळी उलट जोडली जाऊ शकतात. उलट जोडली गेली की तारांचा आवाज पातळ, किरकिरा होतो आणि हम मात्र दुप्पट जोमाने येतो. सुटे मोजल्यास एखादे वेटोळे 4 हजार ओहमचे असेल तर दोन्ही नेहमीप्रमाणे एकापुढे एक जोडल्यावर 8 हजार आणि समांतर जोडल्यावर 2 हजार दिसले पाहिजेत. या आकड्यांवरून एखादे वेटोळे सुटले आहे का हे कळते, उलटसुलट जोडणी मात्र कानानेच ओळखावी लागते. निर्माता माहीत नसलेल्या, स्वस्त संचातून आलेल्या पिकअपवर रंगांवरून काहीच गृहीत धरू नये.

सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची, गोष्ट वेगळी आहे. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मंजूर झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न हाच होता की एकच वेटोळे तारांचे कंपन आणि ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र यांत भेद करू शकत नाही. सर्व जोड पक्के, शिल्डिंग पूर्ण, अर्थिंग उत्तम आणि तरीही गोल फिरल्यावर बदलणारा थोडा हम उरत असेल, तर बांधणीत दोष शोधत बसू नये. अॅम्पपासून दूर सरकावे आणि हम सर्वांत कमी होईल त्या कोनात बसावे. तीन पिकअप असतील तर मधला पिकअप उलट वेटोळ्याचा आणि उलट ध्रुवाचा घ्यावा, म्हणजे पाच टप्प्यांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर हम नाहीसा होतो.

जॅकची नट

जॅकचा उल्लेख शेवटी करतो आहे, पण परत येणाऱ्या हमच्या बाबतीत, भिंत तपासून झाल्यावर, गिटारची तपासणी इथूनच सुरू करणे मी पसंत करेन. केबल शेकडो वेळा लावली-काढली जाते, नट हळूहळू सैल होते आणि संपूर्ण जॅक आतल्या आत फिरू लागतो. त्याच्याबरोबर दोन्ही वायरी पिळल्या जातात. ग्राउंडच्या वायरीचे केस एकेक करून तुटत जातात, त्यामुळे हम आधी केबल हलवल्यावरच येतो आणि नंतर कायमचा होतो. अशा वेळी बाहेरून नट आवळणे घातक ठरते, कारण तेव्हाही आतला जॅक फिरतो आणि उरलेले केसही तुटतात. पट्टी उघडून जॅक आतून बोटांनी धरावा, नटखाली दातेरी वॉशर घालावा आणि मगच नट आवळावी. वायर एक-दोन इंच सैल ठेवावी, ती अनेक केसांची असावी, आणि व्हॉल्यूमपासून जॅकपर्यंत जाळीचे आवरण असलेली वायर वापरून जाळी दोन्ही टोकांना ग्राउंडवर सोल्डर करावी. झाकण लावण्याआधी प्लगचा दांडा आणि तार यांच्यातला रोध केबल हलवत पुन्हा मोजावा आणि तो आकडा तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावा. पुढे कधी हम आलाच तर तपासणी त्या आकड्यापासून सुरू करता येते.